बोरिंग हेड म्हणजे पंपाचं डोस्कं नाई

कुरखेड्याला झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. हातपंपांबद्दलचं आमचं पत्रक निघत होतं आणि मी गरम कागद एकावर एक लावून घेत होते. तेवढ्यात मोठ्या आईचा फोन आला. ती रडत नव्हती. "पोरी, मशीन बंद झाली," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कोणती?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न निर्दयी वाटेल. पण सिंदेवाहीच्या त्या घरात दोन मशिनी होत्या. मागच्या खोलीत लेथ, लोखंड कातायची. पुढच्या खोलीत ऑक्सिजनची, हवा ओढून नळीनं नाकाला पुरवणारी. घरातली विजेची लाइन एकच आणि तीही अशक्त, त्यामुळे दोघी एकाच वेळी कधी चालल्या नाहीत. एक हवी तर दुसरी बंद. म्हणून त्या घरात कुणी 'मशीन बंद कर' म्हटलं की पलीकडून आधी 'कोनती?' यायचंच. मोठी आई म्हणाली, "दोन्ही."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. कोळसा खाणीच्या वर्कशॉपात ते टर्नर होते आणि निवृत्तीनंतर सिंदेवाहीला परतले. घरामागचा गोठा पाडून त्यांनी खोली बांधली आणि भंगारात निघालेली एक जुनी लेथ तिच्यात आणून बसवली. मेलेल्या माणसाला लोक लगेच साधाभोळा करून टाकतात. ते मी करणार नाही, कारण मोठेबाबा साधे नव्हते. बढाईखोर होते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला पळी कशी धरायची ते शिकवायचे. राईस मिलवाले काम घेऊन येत आणि कामाबरोबर शिव्या घेऊन जात. एकदा त्यांनी मोठ्या आईच्या कुकरची शिट्टी 'सुधारली' आणि वरण छताला लागलं. तो डाग अजून आहे. त्यावर त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं: शिट्टी बरोबर होती, वरण पातळ होतं.

मी संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते. दारात पाऊल पडलं की ते ओरडायचे, "आली पत्रकवाली! आज कोनाचा निषेध?" पत्रक मात्र चष्मा लावून पूर्ण वाचायचे आणि मग जखम करायचे. "यात 'तीव्र निषेध' दोनदा हाये. पयला बोथट झाला म्हून दुसरा लावला का?" मी चिडायचे. ते खूश व्हायचे. मोठी आई आतून म्हणायची, "अजी, तिले खाऊ तं द्या आधी."

फुप्फुसं गेली त्यांची. खाणीची धूळ, घासायच्या चाकाची धूळ आणि कधीही तोंडाला फडकं न बांधायचा हट्ट. कुणाला किती दोष द्यायचा ते मला ठरवता आलेलं नाही, नाहीतर त्यावरही पत्रक काढलं असतं. डॉक्टरांनी ऑक्सिजनची मशीन घरी ठेवायला सांगितली आणि लेथ विकून टाकायला सांगितली. मोठेबाबांनी पहिली सूचना पाळली. दुसरीवर उत्तर म्हणून त्यांनी बोरिंग अँड फेसिंग हेड बनवायला घेतलं.

ही चीज काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. डब्याएवढा लोखंडी ठोकळा. त्याच्या तोंडावर खाच, खाचेत सरकणारी जाड पट्टी आणि पट्टीला कातायचं हत्यार. हा ठोकळा लेथवर फिरतो आणि काम समोर बांधून स्थिर ठेवलेलं असतं. पट्टी जराशी बाहेर काढली की हत्यार मोठं वर्तुळ घेतं आणि भोक मोठं होतं. हे झालं बोरिंग. आणि फिरता फिरता पट्टी आपोआप बाहेर सरकत राहिली, तर भोकाभोवतीचं तोंड सपाट कातलं जातं. हे फेसिंग. काम एकदा बांधलं की न सोडता भोकही होतं आणि तोंडही, म्हणून दोन्ही एकमेकांशी काटकोनात येतात. सोडून परत बांधलं की फरक पडलाच. "भोक एकीकडे नि तोंड भलतीकडे, असं काम मले चालत नाई," ते म्हणायचे. "तुमच्या सभेत चालत असंन." हे हेड बाजारात मिळतं. मी तसं एकदा म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना बाजारातून तयार पोरगी दत्तक घ्यायला सांगितलं.

पट्टी आणि खाच एकमेकांत घट्ट बसून सरकली पाहिजे. त्यासाठी निळा रंग लावायचा, घासून बघायचं, जिथं डाग उमटेल तिथं खरवडायचं, परत रंग. या कामाला वीज लागत नाही. म्हणून हिवाळाभर ते पुढच्या खोलीत खाटेवर, नाकात नळी, मांडीवर ठोकळा घेऊन खरवडत बसले. चादर निळी, बनियान निळं, नाकाशी नळीसुद्धा निळी. मोठी आई म्हणायची, "होळीले वेळ हाये ना वो, ह्यायची आत्ताच सुरू झाली."

आता झनकाबाई. कुरखेड्याच्या पलीकडं, डांबरी रस्ता संपल्यावर जंगलातून चालत जावं लागतं, त्या गावची. घरं थोडी. हातपंप दोन, त्यातला एक कधीच आटलेला. दुसऱ्याचं हँडल डुगडुगायला लागलं, मग करकरायला, मग निखळलं. बाया नाल्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायला लागल्या, जाता-येता डबे बडवत, कारण नाल्यावर पाणी प्यायला माणसंच येतात असं नाही. कचेरीत गेलो. उत्तर मिळालं, त्या गावाला नळयोजना मंजूर आहे, आता हातपंपाच्या दुरुस्तीवर खर्च करता येणार नाही. नळ आहेत, खोटं कशाला बोलू! प्रत्येक अंगणात एक नळ उभा आहे आणि त्याला शेळी बांधलेली आहे. त्या नळांतून आजवर थेंब आलेला नाही. पण नळ असल्यामुळे पंप मेला आणि पंप मेल्यामुळे बाया नाल्यावर गेल्या. ज्यांनी हे कागदावर जुळवलं त्यांना झोप कशी लागते, मला माहीत नाही. लागत असेल. गाढ लागत असेल.

बाजारातून एक हँडल गावानं आणूनही पाहिलं होतं. हलकं होतं, एका उन्हाळ्यात वाकलं. आता काय करायचं, म्हणून गावात सभा बसली होती. मी कशाच्या तरी ओघात सांगितलं, की माझे मोठेबाबा आजारी असूनही घरी बोरिंग हेड बनवताहेत. आमच्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात. पोरीबाळी 'बोरिंगवर जाऊन राह्यलो' म्हणतात, म्हणजे पाण्याला. मी पुढं बोलत राहिले, झनकाबाई मात्र तिथंच थांबली. सभा संपताना उठून म्हणाली, "मंग आमचं बोरिंग त्यायलेच दाखवा ना."

मी समजावलं. पण झनकाबाईनं ठरवलं की ठरवलं. गावातल्या दोघांना घेऊन, ते जडशीळ हँडल एसटीच्या टपावर टाकून, वडसा, ब्रह्मपुरी असं बदलत ती सिंदेवाहीला आली. मी त्या दिवशी तिथंच होते.

"जोहार, भाऊ," तिनं हँडल अंगणात ठेववलं.

"जोहार. हे कोनाचं?"

"आमच्या बोरिंगचं. तुमी बोरिंगचं हेड बनवून राह्यले म्हनते ना? मंग हँडल तं सोपंच हाये."

मोठेबाबा हसले. हसता हसता खोकले, खोकता खोकता लाल झाले, मोठी आई नळी धरून धावली. दम परत आल्यावर ओरडले, "अवो बाई, बोरिंग हेड म्हनजे पंपाचं डोस्कं नाई! कोनं सांगतलं तुमाले?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इनं? मंग झालंच! पंप कायले पायजे तुमाले, इचं तोंड लावा तिथं. धो धो वाहाते."

झनकाबाई हसली नाही. उभीच राहिली. मोठेबाबांनी मग सवयीनं हँडलच्या डोक्याकडच्या भोकात बोट घातलं. बेरिंग जिथं बसतं ते भोक. ते झिजून अंड्यासारखं लांबट झालं होतं. त्यांनी बोट फिरवलं, कड चाचपली, परत फिरवलं आणि त्यांचं हसणं थांबलं. "हे लेथच्या चकात, जबड्यात धरून फिरवतो म्हनलं तं हे दांडकं भिंत फोडून शेजाऱ्याच्या घरात जाईन," ते स्वतःशीच बोलले. "हे बांधून ठेवा लागंन. नि हत्यार फिराले पायजे…" मग वर पाहिलं. "बाई, तुमचं बरोबर हाये. तुमच्या बोरिंगले माहं बोरिंग हेडच पायजे."

"मी तं पयलेच सांगतलं," झनकाबाई म्हणाली.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर झनकाबाईनं पाणी मागताना सवयीनं 'येर' म्हटलं. गोंडीत पाण्याला येर. मोठेबाबांना हा शब्द फार आवडला. "म्हनजे तुमी त्याले बलावताच! ये रे, ये रे!" पुढं खरवडताना दम लागला की ते मांडीवरच्या ठोकळ्यावर टिचकी मारून म्हणायचे, "येर रे बाप्पा, येर."

इथून खरा झगडा सुरू झाला, आणि तो कुठल्याही कचेरीशी नव्हता. खरवडण्याचं काम संपलं. आता उरलेल्या भागांना लेथ हवी होती. लेथ सुरू केली की विजेचा दाब पडायचा आणि पुढच्या खोलीतली मशीन पी पी करत बंद व्हायची. म्हणून मोठेबाबा नळी काढायचे, ती मशीन बंद करायचे, भिंत धरत मागं जायचे, लेथ चालवायचे. ओठ निळे पडायला लागले की मोठी आई मधल्या दारातून ओरडायची, "अजी, मशीन बंद करा!"

"कोनती?" ते मुद्दाम विचारायचे.

"तुमाले माहीत हाये कोनती!"

लेथ बंद. परत खाट, परत नळी, छातीचा भाता. मग थोड्या वेळानं परत तेच. मी वेगळी लाइन ओढून मिळावी म्हणून अर्ज केला. अर्ज हा माझा हातखंडा. पोच मिळाली. तार मिळाली नाही. सिलिंडर आणून ठेवला, तर मोठेबाबा म्हणाले, तो अडीनडीला, लाइट गेल्यावर, असा उधळायचा नाही. ब्रह्मपुरीच्या एका ओळखीच्या टर्नरकडे हँडल नेऊ म्हटलं, तर म्हणाले, तो काम दोनदा बांधतो, हे इथून हलणार नाही. मी मधल्या दारात उभी राहायचे. एका हाताला त्यांचा श्वास, दुसऱ्या हाताला झनकाबाईचं हँडल. लोकांना काय मागायचं ते मी माईकवरून सांगते. तिथं कुणाकडे काय मागायचं होतं? थांबा म्हणावं, तर गाव नाल्यावर. करा म्हणावं, तर… मोठी आई माझ्याकडे बघायची. मग वळून नळी पुसायला घ्यायची.

एकदा मी म्हणालेच. हेडनं बोरिंग करता येईल इतकं काम झालं होतं. राहिली होती ती चांदणी. पट्टीच्या स्क्रूला लावायचं चांदणीसारखं दातेरी चाक. हेड फिरताना प्रत्येक फेऱ्याला बाजूचा एक खुंटा चांदणीच्या एका दाताला टोकतो आणि पट्टी केसभर बाहेर सरकते, त्यानं तोंड सपाट होतं. मी म्हटलं, "मोठेबाबा, नुसतं भोक करा ना. तोंड राहू द्या. पंप तर चालू होईल."

"तोंड तिरपं राह्यलं तं बेरिंग तिरपं बसंन. पुढच्या उन्हाळ्यात भोक पुन्हा अंडं."

"पुढचा उन्हाळा पुढं बघू! हा उन्हाळा तोंडावर आलाय."

"मंग हातानं फिरवू का पट्टी? पायऱ्या पडंन त्यावर, जिना होईन. चढशीन का तू?" आणि मग, दम घेत, "मी अर्धं काम करून मेलो तं लोक म्हनंन, शेवटी शेवटी त्याले जमत नवतं."

मला त्याचा अजून राग येतो. लोक काय म्हणतील म्हणून! जंगलातल्या बाया वाटीनं पाणी भरत असताना या माणसाला आपल्या कामाच्या तोंडाची पडलेली. आणि तरी झनकाबाईला मी फोनवर हे सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "करू दे ना व. अर्धं तं आमाले सगळेच देते."

शेवटची भेट दुपारची. हँडल लेथवर बांधून झालं होतं. मोठेबाबांनी ते हेडसमोर पट्ट्या, बोल्ट, लाकडी ठोकळे लावून पक्कं केलं होतं, मोजायचा काटा लावून पुन्हा पुन्हा तपासलं होतं. थांबत, बसत, नळी घालत, नळी काढत, कितीतरी दुपारी गेल्या होत्या त्यात. हँडलची लांब शेपूट खोलीच्या दारातून अंगणात आली होती आणि खाली टेकायला स्टूल होतं. मोठ्या आईनं शेपटीवर टॉवेल वाळत घातला होता. ते बघून मोठेबाबा खाटेवरून कडाडले, "अवो, माही सेटिंग हाये ते, दोरी नाई!" आवाज फुटला नाही, शिट्टीसारखा निघाला. मग मला जवळ बोलावलं. चांदणीचा कच्चा तुकडा उशाशी होता. दाते पाडायचे राहिले होते. त्यांनी माझ्या मनगटावर बोटानं टोकून दाखवलं. एक टोक, जरासं थांबणं, दुसरं टोक. "असं. एका फेऱ्याले एकच. घाई नाई." आणि निघताना, "सेटिंग कोनी सोडू नका. मी उठलो का करतो."

ते उठले नाहीत. लेथ त्या आठवड्यात सुरूच झाली नव्हती. ते खाटेवर, नळी नाकात असताना, भर दुपारी गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तेरवीला आलेल्या पाहुण्यांत कुजबुज होती, की जंगलातल्या लोकांच्या हँडलानं माणूस नेला. ज्यांनी आजारपणात एकदा दार वाजवलं नाही, त्यांनी कारण मात्र शोधून काढलं. मी भांडायला उठले होते. मोठ्या आईनं पदर ओढून बसवलं.

झनकाबाई तेरवीला आली, ती अशा कुजबुजीत. मोहफुलं वेचायचे दिवस, एक दिवस बुडाला तर बुडाला, तरी आली. हँडलबद्दल अवाक्षर काढलं नाही. विषय मीच काढला. ब्रह्मपुरीचा तो टर्नर मी त्या दिवशी मुद्दाम बोलावला होता. त्यानं मागं जाऊन पाहिलं. हेडवरून हात फिरवला, पट्टी सरकवून पाहिली, मान हलवली. म्हणाला, चांदणी करून आणली तरी दुसऱ्याच्या हेडवर, या जुन्या लेथवर आणि अशक्त लाइनवर हे पूर्ण करायची जबाबदारी तो घेणार नाही. हँडल सोडून आपल्या दुकानी न्यावं लागेल आणि तिथं मोठ्या मशीनवर परत बांधावं लागेल.

"सोडावं लागंन?" मोठ्या आईनं विचारलं.

"सोडल्याशिवाय कसं नेऊ, बाई?"

ती दारात हँडलच्या आडवी उभी राहिली. मी तिला कधी कुणाला आडवं झालेलं पाहिलेलं नाही. "त्यायनं बांधलं ते. दम नवता तरी बांधलं. ते मी सोडू देनार नाई."

टर्नर माझ्याकडे बघायला लागला. सगळेच माझ्याकडे बघायला लागले, मी बोलणारी ना! बंद कचेरीच्या दारात तासभर घोषणा देऊ शकते मी. एका बाजूला मोठी आई, तिच्याजवळ त्या माणसाचं एवढंच शाबूत उरलेलं. दुसऱ्या बाजूला झनकाबाई, तिच्या गावाचं एकच हँडल. दोघींचं बरोबर. दोघींचं एकाच लोखंडात अडकलेलं.

झनकाबाईच बोलली. "राहू द्या, बाई. नाल्याले अजून येर हाये."

हे खोटं होतं. नाला मी चारच दिवसांपूर्वी पाहिला होता, झिरा कमरेएवढा खोल गेला होता. मोठ्या आईलाही ते कळलं असणार. ती बाजूला झाली नाही. पण तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.

तेव्हापासून काही आठवडे गेले. मी सिंदेवाहीला जाते, मोठ्या आईजवळ बसते, चहा पिते. मागं हँडल तसंच आहे. शेपटीवर आता ती टॉवेल घालत नाही, उलट फडक्यानं पुसते. विषय मी काढत नाही. कुरखेड्याला जाते तेव्हा झनकाबाईही काढत नाही. दोन गावं माझ्याशी नीट बोलतात आणि मला त्यांच्यात बसवत नाही. पत्रकाच्या त्या प्रती झोळीत पडून आहेत. त्यांत नळयोजनेचा तीव्र निषेध एकदाच केला आहे.

तेरवीच्या दिवशीचं एक राहिलं. पाहुणे पांगले, टर्नर गेला. झनकाबाई एसटीला निघाली आणि मागच्या अंगणातून जाताना दाराबाहेर आलेल्या त्या शेपटीपाशी थांबली. हँडलचं टोक तिच्या हाताच्या उंचीवर आलं होतं, बरोबर पंपाला असतं तेवढंच. तिनं त्यावर हात ठेवला. इतकी वर्षं रोज ठेवला तसा. आणि खाली दाबलं.

हललं नाही. केसभरही नाही. मोठेबाबांनी बांधलेलं होतं.